इंटिरियरवाल्यांनी ठरलेली किंमत मध्येच वाढवली. ग्राहक म्हणून आपल्या हातात काय आहे?

सिंहगडरोडवाली

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा घाईत हवा आहे.

नव्या टू बीएचकेचं काम एका इंटिरियर कंपनीला दिलंय. नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका. स्वयंपाकघर, दोन वॉर्डरोब, लॉफ्ट, टीव्ही युनिट आणि दाराजवळचं चपलांचं कपाट, सगळं मिळून ६,८५,००० रुपये, जीएसटीसकट. कोटेशनवर त्यांचा शिक्का आणि सही आहे, माझीही सही आहे. बुकिंगला १० टक्के आणि डिझाइन पक्कं झाल्यावर ५० टक्के, म्हणजे ४,११,००० रुपये देऊन झालेत. उरलेले ४० टक्के माल कारखान्यातून निघण्याआधी द्यायचे, असं ठरलं होतं.

आता माल तयार झाला म्हणून फोन आला आणि मागोमाग नवं बिल आलं, ८,२७,००० चं. म्हणजे १,४२,००० जास्त. विचारलं तर म्हणतात, "मॅडम, फायनल मेजरमेंटनंतर एवढं होतंच. सिस्टीममधूनच येतं ते." पूर्ण रक्कम भरल्याशिवाय गाडी निघणार नाही, असंही सांगितलं. इकडे भाड्याचं घर महिनाअखेरीला सोडायचं आहे.

सही झालेल्या किमतीवर असं एकतर्फी वाढवून मागता येतं का? द्यायला नकार दिला तर माझे चार लाख अडकतील का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

निळू_सातारकर

वाचतोय. आमचंही काम दिवाळीनंतर काढायचं आहे.

गोदाकाठ

ताई, सगळ्यात आधी एक करा. फोनवर बोलणं बंद. जे बोलायचं ते ईमेलवर. ते फोन करतील, गोड बोलतील, "साहेबांशी बोलून बघतो" म्हणतील. फोन झाला की लगेच त्यांना मेल टाका: आज तुम्ही फोनवर अमुक अमुक म्हणालात. नाशिकला आमच्या बाथरूमच्या कामात हीच एक गोष्ट कामाला आली. त्यांनी एकाही मेलला "असं आम्ही म्हणालोच नाही" असं उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे पुढे त्यांना शब्द फिरवता आला नाही.

डोंबिवलीचे_आजोबा

माझं स्पष्ट मत, रागावू नका. तडजोड करा, थोडे कमी करून घ्या आणि देऊन मोकळे व्हा. भाड्याचं घर सुटतंय, सामान कुठे ठेवणार? कोर्टकचेरी करणाऱ्याच्या चपला झिजतात. मी आयुष्यभर सरकारी नोकरीत फायली पाहिल्या आहेत. ग्राहक मंचातसुद्धा तारीख पे तारीखच असते.

वकीलताई_नगर

आजोबा, तडजोडीला माझा विरोध नाही, पण आपल्या बाजूला काय आहे हे माहीत असेल तरच तडजोड बरोबरीची होते. म्हणून आधी कायदा सांगते, मग ताईंनी ठरवावं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात तक्रार कशाकशाबद्दल करता येते याची व्याख्या कलम २ च्या सहाव्या उपकलमात दिली आहे. व्यापाऱ्याने किंवा सेवा देणाऱ्याने जास्त किंमत घेणं, हे त्यातलं एक कारण. जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त, तर कायद्याने ठरवलेल्या, वस्तूवर छापलेल्या, दरपत्रकात दाखवलेल्या किंवा दोन्ही पक्षांत ठरलेल्या किमतीपेक्षा. तुमचं प्रकरण या शेवटच्या शब्दांत जसंच्या तसं बसतं. त्यासाठी वेगळा युक्तिवाद शोधावा लागत नाही.

दुसरं, १८७२ चा करार कायदा. कलम ६२ प्रमाणे झालेला करार बदलायला दोघांचीही संमती लागते. एका बाजूने नवं बिल पाठवलं म्हणजे करार बदलत नाही. तुम्ही त्या बिलावर सही केली, "ओके" लिहिलं किंवा मुकाट्याने पैसे भरले, तर मात्र तुम्ही संमती दिली असं ते म्हणू शकतात. म्हणून आजच एका ओळीचा मेल पाठवा: "वाढीव बिल मला मान्य नाही. सही झालेल्या कोटेशनप्रमाणे उरलेले २,७४,००० रुपये द्यायला मी तयार आहे." यातलं दुसरं वाक्य गाळू नका. तुम्ही पैसे बुडवत नाही आहात, ठरलेले द्यायला तयार आहात, हे कागदावर हवं.

तिसरा प्रश्न. कोटेशनच्या मागच्या पानावर किंवा जोडपत्रात बारीक अक्षरात "किंमत बदलू शकते" असं काही आहे का? ते शब्द जसेच्या तसे इथे टाका.

सिंहगडरोडवाली

वकीलताई, मनापासून धन्यवाद. मेल पाठवला, तुमचीच वाक्यं वापरून.

अटी पाहिल्या. दोन कलमं आहेत. एक: "प्रत्यक्ष जागेवरील मापानुसार अंतिम रक्कम कमी-अधिक होऊ शकते." दुसरं: "कच्च्या मालाच्या दरानुसार किमतीत बदल करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे."

आणि वाढ कशी धरली आहे, तेही त्यांच्याकडून मेलवर मागवलं. ते असं:

मापातला फरक ३८,०००
प्लायच्या दरातली वाढ ५२,०००
हार्डवेअर ३१,०००
वाहतूक, हाताळणी आणि फिटिंग २१,०००

रंधा

मी या धंद्यातला आहे. पिंपरीत स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, वडील सुतार होते. त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो, आणि जिथे त्या कंपनीचं बरोबर असेल तिथे तसंही सांगेन.

माप: हे खरंच बदलतं. बिल्डरचा नकाशा आणि उभी भिंत यांत प्लास्टरचा, टाइल्सचा फरक पडतो. भिंत ओळंब्यात नसते, बीम खाली आलेला असतो. एवढ्या कामात थोडी रक्कम वर-खाली होते, आणि तशी अट तुम्ही सही केलेल्या कागदात आहे. पण ३८ हजार मला जास्त वाटतात. ताई, प्रत्येक युनिटची लांबी-उंची त्यांच्याकडून मागवा आणि स्वतः टेप घेऊन मोजा. कुठून मोजलं तेही विचारा. आमच्यात शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, पुढच्या चौरस फुटावर दर लावतात. काही जण लॉफ्ट वेगळा धरतात आणि वॉर्डरोबच्या उंचीतही त्याला मोजतात. एकच फूट दोनदा.

प्लाय: तुमच्याकडून ६० टक्के रक्कम घेतली ती कशासाठी? माल भरण्यासाठीच ना? आम्ही ॲडव्हान्स हातात आला की त्याच आठवड्यात प्लाय आणि लॅमिनेट उचलतो, दर वाढायच्या आत. त्यांनी उशिरा उचललं असेल तर ते त्यांचं नियोजन. हे ५२ हजार मी माझ्या गिऱ्हाइकाला कधीच लावले नसते.

हार्डवेअर: कोटेशनमध्ये कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहिलंय की नुसतं "सॉफ्ट क्लोज चॅनेल"? आणि मध्ये तुम्ही काही बदलून मागितलं का? टँडम ड्रॉवर, बॉटल पुलआउट (बाटल्यांसाठीची ओढून काढायची अरुंद ट्रॉली), कॉर्नरचं फिरतं कॅरोसेल? मागितलं असेल तर तेवढे द्यावे लागतील, ताई.

फिटिंग: हे कोटेशनमध्ये धरलेलं असतंच. नीट वाचा.

पाटपाणी

रंधादादा, असं लिहिणारे तुमच्या धंद्यात आणखी हवेत. वॉर्डरोबचं काम काढलं की तुम्हालाच बोलावते.

निळू_सातारकर

पाटपाणीताई, नंबर लावा. दादांचा ॲडव्हान्स आता इथूनच सुरू होणार असं दिसतंय.

वकीलताई_नगर

रंधा यांचा प्रतिसाद फार उपयोगी आहे. त्यात कायद्याची थोडी भर घालते.

त्यांनी उशीर केला असेल आणि त्या उशिरामुळे दर वाढले असतील, तर त्याचाही उल्लेख याच कायद्यात आहे. प्रतिबंधात्मक व्यापार पद्धती म्हणजे काय हे सांगताना, ठरलेल्या मुदतीपेक्षा उशीर करून त्यामुळे किंमत वाढणं, हे पहिलंच उदाहरण दिलंय. ताई, डिलिव्हरीची तारीख कोटेशनमध्ये आहे का ते बघा. ती उलटून गेली असेल तर प्लायच्या ५२ हजारांवर बोलायलाही त्यांना जागा उरत नाही.

"अधिकार राखून ठेवत आहे" या अटीबद्दल. २०१९ च्या कायद्याने अन्यायकारक करार ही नवी गोष्ट आणली. ग्राहकावर अवाजवी आकार किंवा अट लादून त्याचं नुकसान करणारा करार त्यात येतो. फक्त अशी अट रद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला (आजोबा म्हणतात तो ग्राहक मंच) नाही, राज्य आयोगाला आहे. पण तुम्हाला तिथपर्यंत जायची गरज पडेलसं वाटत नाही. सेवेतली त्रुटी आणि ठरलेल्यापेक्षा जास्त किंमत या मुद्द्यांवर जिल्हा आयोग पुरेसा आहे.

रंधा म्हणतात तेही कायद्याला धरूनच आहे. तुम्ही सांगून जादा काम करून घेतलं आणि त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. करार कायद्याचं कलम ७०. त्यामुळे "एक पैसा देणार नाही" असा पवित्रा घेऊ नका. जे खरं आहे ते मान्य करून बाकीचं नाकारणाऱ्या ग्राहकाची बाजू आयोगापुढे भक्कम दिसते.

मी_मराठी_म्युनिक

इथे जर्मनीत याच विषयावर कायद्यात वेगळं कलम आहे, म्हणून लिहिते. दिवाणी संहितेच्या ६४९ व्या कलमाप्रमाणे, कारागिराने नुसता अंदाज दिला असेल आणि खर्च त्याच्या बराच पुढे जाणार असं दिसलं, तर त्याने ते ताबडतोब कळवायला हवं. मग ग्राहक करार सोडू शकतो आणि झालेल्या कामाचेच पैसे देतो. "बराच" म्हणजे किती, ते कायद्यात नाही. न्यायालयं साधारण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास धरतात. पक्की किंमत ठरली असेल तर ती पक्कीच. आमच्या स्वयंपाकघराच्या वेळी दुकानदाराने मला न विचारताच हे समजावून सांगितलं होतं.

बेएरियातला_बंड्या

कॅलिफोर्नियात घराच्या कामाचा ॲडव्हान्स किती घ्यायचा यावरच मर्यादा आहे. कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच. पुढचे पैसे जसजसं काम होईल तसतसे. आणि मध्ये काहीही बदल झाला तर तो लिहून, दोघांच्या सह्या झाल्यावरच त्याचं काम सुरू करायचं. धागा वाचताना सारखं वाटत होतं, सिंहगडरोडताईंचे ६० टक्के आधीच गेलेत आणि उरलेले ४० टक्केही माल बघायच्या आधी मागताहेत. सगळी दोरी त्यांच्याच हातात.

डोंबिवलीचे_आजोबा

बंड्या, इथे १० टक्क्यांत कोण कामाला हात लावणार?

रंधा

आजोबा, १० टक्क्यांत छोट्या माणसाला खरंच जमणार नाही. प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअर सगळं आम्हाला रोखीनेच उचलावं लागतं. पण मधला रस्ता आहे. मी चार टप्पे करतो: माल उचलायच्या वेळी ४० टक्के, सांगाडे उभे राहिले की ३०, शटर लागले की २०, आणि शेवटचे १० टक्के सगळी दारं नीट मिटली, ट्रॉल्या सरकल्या, सिलिकॉन भरून झालं की. शेवटचे दहा अडकलेले असले की माझेच कारागीर फोन न करता येतात.

अनामिका_ठाणे

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी दंतवैद्य आहे, क्लिनिकचं इंटिरियर केलं. कॉन्ट्रॅक्टरने असाच प्रकार केला आणि नोटीस पाठवल्यावर त्याच्या वकिलाचं उत्तर आलं की हा व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहकच नाही. हे खरं आहे का?

वकीलताई_नगर

अनामिका, सरसकट खरं नाही. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा कायद्यातून वगळली आहे, पण स्वयंरोजगाराने आपली उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो अपवाद धरला जातो. एकटीचं छोटं क्लिनिक, तुम्ही स्वतः रुग्ण पाहता, तर मुद्दा मांडता येतो. चार शाखांची साखळी असेल तर अवघड आहे. कागदपत्रं घेऊन प्रत्यक्ष वकिलाला भेटा, इथे यापुढे सांगणं बरोबर नाही.

अनामिका_ठाणे

एकटीचंच आहे. आभारी आहे.

कुलूपकिल्ली

सोसायटीवाल्यांनाही यात धरा. आमच्या इथे काम लांबलं म्हणून सोसायटीने रोजचा दंड लावला आणि राडारोड्यासाठीचं डिपॉझिट अडकवलं. उशीर कॉन्ट्रॅक्टरचा, दंड आम्हाला. ठरवतानाच लिहून घ्या की मुदतीनंतरचा सोसायटीचा दंड कॉन्ट्रॅक्टर भरेल.

पाटपाणी

+१. आणि दुपारी २ ते ४ ड्रिलिंग बंद, हेही त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर "तुमच्या सोसायटीमुळे उशीर झाला" हे ऐकायला मिळतं.

सिंहगडरोडवाली

मंडळी, काल संध्याकाळी मी आणि नवरा टेप घेऊन नव्या घरी गेलो. कंपनीने मापांची यादी पाठवली होती. एकच उदाहरण देते, कारण ते बघून आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

मोठ्या बेडरूमचा वॉर्डरोब. सही झालेल्या ड्रॉइंगमध्ये ७ फूट बाय ७ फूट, म्हणजे ४९ चौरस फूट. प्रत्यक्ष जागा ७ फूट २ इंच बाय ७ फूट १ इंच, म्हणजे पावणेएक्कावन्नच्या आसपास. नव्या बिलात धरलंय ७ फूट ६ इंच बाय ७ फूट ६ इंच, ५६.२५ चौरस फूट. विचारलं तर उत्तर आलं, "पुढच्या अर्ध्या फुटाला राउंड करतो, सगळीकडे हीच पद्धत आहे." दर १,४५० रुपये चौरस फूट. खरा फरक अडीच हजारांचा, लावलेत साडेदहा हजार. तेही लाकूड न लावता! दोन्ही वॉर्डरोब, सगळे लॉफ्ट, टीव्ही युनिट, सगळीकडे हेच केलंय.

आणि रंधादादा म्हणाले तसंच, स्वयंपाकघरातल्या लॉफ्टच्या मापात बीमची जागाही धरली आहे, जिथे लॉफ्ट बसूच शकत नाही.

हार्डवेअरचं: ड्रॉइंग पक्कं झाल्यावर मी बॉटल पुलआउट वाढवून मागितला होता, त्याचे ११,००० मला मान्य आहेत. बाकीचे २०,००० "ब्रँड अपग्रेड"चे. तो ब्रँड मी मागितलेलाच नाही, तसा मेल किंवा मेसेज त्यांच्याकडेही नाही.

फिटिंग: कोटेशनच्या पहिल्याच पानावर "वाहतूक व जोडणीसह" असं छापलंय.

डिलिव्हरीची तारीख कोटेशनमध्ये आहे, आणि ती तीन आठवड्यांपूर्वीच उलटली आहे.

रंधा

ताई, शाब्बास. राउंडिंग इंचाला करतात, फार तर पुढच्या इंचाला. अर्धा फूट कुठेच नसतो. "सगळीकडे हीच पद्धत" हे वाचून मला राग आला, कारण गिऱ्हाईक मग आमच्याकडेही त्याच नजरेने बघतं.

आणखी एक तपासा. ६,८५,००० जीएसटीसकट होते ना? मग नव्या बिलातल्या वाढीव ओळींवर वेगळा १८ टक्के जीएसटी चढवलाय का? आणि प्लायच्या ग्रेडचं काय ठरलंय? स्वयंपाकघराला आयएस ७१० (पाणी सोसणारा प्लाय) लिहिलं असेल तर माल उतरताना प्रत्येक तुकड्यावर नाही, पण पूर्ण शीटवर छाप दिसतो. कारखान्यात कापतानाचे फोटो मागा. दर वाढला म्हणून पैसे मागतात आणि खाली आयएस ३०३, म्हणजे साधा प्लाय, वापरतात, असंही पाहिलंय.

गोदाकाठ

ताई, आता १९१५ ला फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ॲप आणि वेबसाइटवरूनही तक्रार देता येते. तक्रार क्रमांक मिळतो आणि ते कंपनीकडे पाठवतात. त्यांना हुकूम काढायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्यांत त्या तक्रारींसाठी वेगळी माणसं असतात आणि प्रकरण सेल्सवाल्याच्या हातून वर जातं. आमच्या वेळी इथूनच सूर बदलला.

पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते आहेत, त्यांनाही भेटा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच हे काम उभं केलं. देशात १९८६ चा ग्राहक कायदा यायच्या कितीतरी आधी. मुंबईकरांसाठी मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५ पासून.

डोंबिवलीचे_आजोबा

बिंदुमाधव जोशींचं नाव वाचून बरं वाटलं. त्या काळी सणासुदीला तेल-साखरेची टंचाई करून भाव चढवायचे, तेव्हा ग्राहकांनी एकत्र येऊन माल घ्यायचा हा विचार या मंडळींनी घरोघरी पोचवला. आमच्या चाळीतही असा गट होता.

ताई, आकडे वाचले आणि माझं मत बदललं. एवढं स्पष्ट असताना देऊ नका. फक्त घराचं काय करणार ते बघा.

वकीलताई_नगर

आजोबांचा घराचा प्रश्न खरा आहे, म्हणून दोन वाटा सांगते.

पहिली. अगदीच नाइलाज झाला आणि माल हवाच असेल, तर वादातली रक्कम "निषेध नोंदवून, हक्क राखून" भरते आहे असं आधी मेल करून मग भरा, तीही बँकेतूनच, रोख नाही. दबावाखाली दिलेले पैसे परत मिळण्याची तरतूद करार कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे. पण परत मिळवायला तुम्हाला झगडावं लागेल, म्हणून ही शेवटची वाट.

दुसरी, आणि मला पसंत असलेली. कंपनीला लेखी नोटीस द्या, स्वतःच्या सहीची चालते. स्पीड पोस्टने आणि मेलने. त्यात तुमचा हिशोब मांडा: खऱ्या मापाचा फरक आणि बॉटल पुलआउट मान्य, बाकी अमान्य, डिलिव्हरीला आधीच उशीर झालाय, पंधरा दिवसांत माल द्या. नाही दिला तर जिल्हा आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. तुम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी शून्य. पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. वकील लागतोच असं नाही, स्वतः मांडता येतं. तक्रार ऑनलाइन दाखल होते, २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

आजोबांनी तारखांचं लिहिलं ते खोटं नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतात. पण तक्रार चालू असताना अंतरिम आदेश मागता येतो, आणि दोघं तयार असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. कंपनीला अपील करायचं झालं तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. म्हणून नीट लिहिलेली नोटीस कंपनीचे वकील गांभीर्याने वाचतात.

व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असे मेसेज पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन हाताशी असलेला बरा.

सातासमुद्रापार

ज्यांनी इंटिरियरसाठी कर्ज घेतलंय त्यांनी एक लक्षात ठेवा. कंपनीनेच जुळवून दिलेलं असलं तरी कर्ज हा बँकेबरोबरचा वेगळा करार आहे. कंपनीवर रागावून हप्ता थांबवू नका, पत खराब होते तुमची. माझ्या भावाचं असंच झालं, नंतर गृहकर्जाचा दर वाढून मिळाला.

कुलूपकिल्ली

हे महत्त्वाचं आहे. धन्यवाद.

निळू_सातारकर

ताई, काय झालं पुढे?

सिंहगडरोडवाली

लिहायला उशीर झाला, धावपळ चालू होती.

१९१५ वर तक्रार नोंदवली, आणि वकीलताईंनी सांगितलं तशी नोटीस पाठवली. सोबत प्रत्येक युनिटचं माप, आमच्या टेपसकट काढलेल्या फोटोंसह. त्यांच्या मुख्य कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. मी म्हटलं, मेलवर लिहा. लिहिलं त्यांनी.

प्लायचे ५२,००० आणि फिटिंगचे २१,००० पूर्ण काढले. माप इंचात परत काढलं, फरक निघाला ८,४०० रुपयांचा. तो मी मान्य केला, बरोबरच होता. बॉटल पुलआउटचे ११,००० दिले. "ब्रँड अपग्रेड"चे २०,००० मात्र अजून वादात आहेत. ते म्हणतात हार्डवेअर बसवून झालंय, मी म्हणते मागितलेलं नव्हतं, हवं तर काढून कोटेशनमधलं लावा.

पैसे भरण्याची अटही बदलून घेतली. माल निघताना ३० टक्के, आणि १० टक्के म्हणजे ६८,५०० रुपये काम पूर्ण झाल्यावर. रंधादादा, हे तुमच्यामुळे.

आज स्वयंपाकघराचे सांगाडे उभे राहिले. शीटवरचा आयएस ७१० चा छाप कारखान्यातल्या फोटोंत स्पष्ट दिसतो, तो तपासला.

रंधा

मस्त. आता शेवटचे दहा देण्याआधी प्रत्येक ट्रॉलीत भांडी भरून उघड-मीट करून बघा, रिकामी ट्रॉली नेहमीच छान सरकते. सिंकखालच्या कपाटाच्या कडांना एज बँडिंग (कडेवर चिकटवायची पट्टी) सगळीकडे आहे का ते हात फिरवून बघा, पाइपासाठी कापलेल्या भोकाच्या कडेलासुद्धा. पाणी तिथूनच शिरतं.

हार्डवेअरचं त्यांना काढायला परवडणार नाही. बिजागरीची जुनी भोकं राहतात, शटर बदलावं लागतं. वाट बघा, सोडतील.

वकीलताई_नगर

अभिनंदन ताई. २०,००० चा विषय मिटला तर "पूर्ण आणि अंतिम, काही येणं नाही" असं त्यांच्याकडून लिहून घ्या. पण वॉरंटीचा हक्क सोडल्याचं वाक्य त्यात घुसवलेलं नाही ना, ते बघूनच सही करा. आणि पक्कं बिल घ्या, जीएसटी क्रमांकासह. वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

डोंबिवलीचे_आजोबा

ताई, वास्तुशांतीला बोलवा. डोंबिवलीहून येईन.

सिंहगडरोडवाली

आजोबा, नक्की या! सगळ्यांनाच आमंत्रण.

नवखा_नांदेड

आत्ताच सगळा धागा वाचून काढला. आमच्याकडे जुन्या घराला नवीन फरशी आणि वॉटरप्रूफिंग करायचं आहे. ठेकेदार म्हणतो, "जुनी फरशी काढल्याशिवाय खाली काय आहे कळत नाही, म्हणून पक्की किंमत लिहून देणार नाही." हे बरोबर आहे का?

रंधा

जुन्या घरात खाली काय निघेल हे त्यालाही दिसत नाही, तेवढं त्याचं बरोबर आहे. पण किंमत नाही तरी दर लिहून घ्या. तोडफोडीचा प्रति चौरस फूट दर, कोब्याचा दर जाडीप्रमाणे, वॉटरप्रूफिंगच्या कोटांची संख्या आणि केमिकलचं नाव. फरशी निघाली की काम थांबवून तुमच्यासमोर मोजायचं, त्या दिवशी पक्की रक्कम लिहून दोघांनी सही करायची आणि मगच पुढे. त्या आधी तोडफोडीपुरतेच पैसे द्या. यालाही तो नाही म्हणाला तर दुसरा बघा.